स्वतःची फिट कोणी पाहिलेली नसते

अपस्माराची मोठी फिट घरातल्या सगळ्यांनी पाहिलेली असते, जिला ती आली ती मुलगी सोडून. आईला तिचे फिरलेले डोळे आठवतात, भावाला तोंडातला फेस, शेजारच्या काकूंना नाकाशी धरलेली चप्पल. मुलीला आठवतं ते एवढंच, की ती भाजी चिरत होती आणि मग जमिनीवर होती. जीभ चावली गेलेली, अंग ठणकतंय, आणि सगळे वाकून तिच्याकडे बघताहेत. मधली दोन मिनिटं तिच्याच मेंदूत घडली, पण तिच्या हिशेबात नाहीत. म्हणून तर डॉक्टर हल्ली नातेवाइकांना विचारतात, ‘मोबाइलवर काढलंय का काही?’ घाबरल्या हातांनी काढलेला तो व्हिडिओ पुष्कळदा महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगून जातो.

त्या दोन मिनिटांत होतं काय? आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांचं निरोगी वागणं म्हणजे आठवडी बाजाराचा गलबला. कोणी भाव ओरडतंय, कोणी घासाघीस करतंय, कोणी नुसतंच बसलंय. फिट म्हणजे त्या बाजारातल्या एका कोपऱ्याने, किंवा सगळ्याच बाजाराने, अचानक एका तालात एकच आरोळी ठोकायला लागणं. पेशींना चेतवणारं ग्लुटामेट आणि त्यांना आवरणारं गाबा या रसायनांमधला तोल क्षणभर सुटतो, आणि लाखो पेशी एकदम एकसुरात बोलू लागतात. मला यातलं सगळ्यात अचंब्याचं हेच वाटतं, की मेंदूला गोंधळ सोसतो. एकमत नाही सोसत.

हे एकमत थोपवायलाही मेंदू स्वतःच धावतो. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्यात कोणीतरी कांदा फोडून नाकाशी धरलेला असतो, आणि श्रेय कांद्याला मिळतं. त्याची शेकडो वर्षांची ख्याती अशीच कमावलेली आहे! खरं तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत आणि घड्याळाकडे बघायचं. पाच मिनिटं उलटली तर दवाखाना गाठायचा.

सगळ्याच फिट मोठ्या नसतात. काहींची सुरुवात नुसती अंगठ्यापासून होते. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये ह्यूलिंग्ज जॅक्सन हे डॉक्टर अशा रुग्णांना तासन्‌तास न्याहाळत. झटके अंगठ्यातून बोटांत जात, मग मनगटात, मग हातभर चढत. हा क्रम नेहमी ठरावीकच का? जॅक्सननी ओळखलं, की मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचे भाग ओळीने मांडलेले असणार आणि फिट त्या ओळीवरून चालत जात असणार. मेंदू उघडून न पाहता काढलेला हा निष्कर्ष होता. १८७०मध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा स्पर्श करून पाय हलवून दाखवला, तेव्हा त्याला आधार मिळाला. पुढे माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड जाग्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करू लागले. मेंदूला स्वतःला दुखत नाही, म्हणून हे जमतं. फिटचं मूळ शोधताना ते एकेका जागी हलकासा प्रवाह देत आणि रुग्ण सांगत, ‘बोट मुंगावलं’, ‘गाणं ऐकू येतंय’. शरीराचा मेंदूतला जो नकाशा आज पाठ्यपुस्तकांत छापतात, तो मुख्यतः अपस्माराच्या रुग्णांनी टेबलावर पडल्या पडल्या सांगितलेला आहे.

फिटला कधी कधी निमित्तही चमत्कारिक लागतं. दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात, डोक्यावरून कढत पाण्याचे तांबे ओतताना काहींना फिट येते. बंगळूरच्या निमहान्स या संस्थेत या प्रकाराचा बराच अभ्यास झाला आहे. पुष्कळांना उपाय पुरतो तो कोमट पाण्याचा.

काही औषधांची गोष्ट मात्र निव्वळ नशिबाची आहे. १९१२मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी रुग्णांना झोप लागावी म्हणून फेनोबार्बिटल दिलं, आणि फिटच कमी झाल्या. ही स्वस्त गोळी आजही वापरात आहे. व्हॅल्प्रोएटची कथा याहून गमतीची. १९६०च्या दशकात ग्रेनोबलमध्ये काही नवी रसायनं तपासायची होती. ती ज्या द्रवात विरघळवली होती त्याच्यासकट प्राण्यांना दिली. एकूण एक रसायन गुणकारी! मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की काम करतोय तो द्रवच.

योग्य उपचार मिळाले तर सुमारे ७० टक्के लोकांच्या फिट थांबू शकतात. उरलेल्यांसाठी काही वेळा शस्त्रक्रिया असते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ती १९९५पासून होते. काही मुलांना भरपूर स्निग्ध पदार्थांचा, पिष्टमय पदार्थ जवळजवळ नसलेला कीटोजेनिक आहार लागू पडतो.

पण फिट वर्षातून चार मिनिटांची असली, तरी उरलेलं वर्ष तिची वाट पाहण्यात जातं. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकलेली असते. गॅसजवळ एकटीने उभं राहायचं नाही, विहिरीवर जायचं नाही. सहलीला जाताना गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून न्यायच्या. चिडचिड वाढली की घरचे म्हणतात, स्वभावच बिघडलाय. पण लेव्हेटिरासेटॅमसारखी गोळी काहींना खरोखरच चिडखोर करते, आणि हे डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलता येते. उदासी तर या आजाराची जुनी सोबतीण आहे. ती निव्वळ लोकांच्या नजरांमुळे येत नाही, ज्या मेंदूत फिट उगवते तिथेच तिचीही मुळं असू शकतात. तिच्यावर वेगळे उपचार करावे लागतात, आणि नेमकं तेच राहून जातं.

लग्नाचा विषय निघाला की सगळ्यांच्या जिभा जड होतात. १९९९पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच, लग्नाला आड येणाऱ्या गोष्टींत, वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराचं नाव होतं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते गेलं, पण स्थळ सांगून येणाऱ्यांना त्याची वर्दी अजून पोचलेली दिसत नाही. पुण्यातल्या ‘संवेदना’ या गटाने मग अपस्मार असलेल्यांची लग्नं जुळवण्याचं कामही हाती घेतलं. सांगून केलेलं लग्न टिकण्याची शक्यता जास्त, लपवलेलं पहिल्या फिटला उघडं पडतं. शिवाय मूल हवं असेल तर व्हॅल्प्रोएटसारखी गोळी आधीच बदलायचा विचार करावा लागतो, तो लपूनछपून कसा करणार?

दोन-तीन वर्षं एकही फिट आली नाही, तर डॉक्टर काही रुग्णांना गोळ्या हळूहळू कमी करू या असं सुचवतात. पुन्हा येणारच नाही, याची हमी मेंदूतल्या विजेचा कोणताही आलेख, म्हणजे ईईजी, देत नाही. काही जण आनंदाने तयार होतात, काही म्हणतात, राहू दे डॉक्टर, एका गोळीने काय बिघडतंय, आणि चिठ्ठी खिशात घालून औषधाच्या दुकानाकडे वळतात.