शेवटचे शंभर ग्रॅम

अचूक वजनकाट्यावर उभे राहा, उतरून पेलाभर पाणी प्या आणि पुन्हा चढा. काटा सुमारे दोनशे ग्रॅम पुढे जाईल. तुम्ही लठ्ठ झालात काय? मुळीच नाही. हे ध्यानात ठेवून आता पॅरिसला जाऊ.

६ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट हिने ऑलिंपिकच्या ५० किलो गटात एकाच दिवशी तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठली. पूर्वी ती ५३ किलो गटात खेळे. त्या गटातील भारताची जागा दुसरीकडे गेल्याने ती खाली उतरली होती. कुस्त्यांच्या दिवशी तिने थोडे अन्नपाणी घेतले आणि संध्याकाळी वजन मर्यादेपेक्षा २.७ किलो जास्त भरले. नियमाप्रमाणे दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन द्यायचे होते. रात्रभर व्यायाम झाला, उष्ण खोलीत घाम काढला, केससुद्धा कापले. तरी काटा ५० किलो १०० ग्रॅमवर थांबला. ती बाद झाली.

एवढेसे शंभर ग्रॅम का उतरू नयेत? एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. ती एका रात्रीत जाळणे अशक्यच. म्हणजे जे उतरते ते मुख्यतः पाणी. घामाचे पाणी येते रक्तातून. ते घटले की रक्ताचे आकारमान कमी होते आणि हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. मग शरीर काटकसर सुरू करते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात जास्त सुटते, त्याच्या प्रभावाने मूत्रपिंडे पाणी परत शोषून घेतात. घामही मंदावतो. म्हणून शेवटचे शंभर ग्रॅम सर्वांत चिवट! आणि घाम मंदावला की शरीर थंड राहण्याची वाटही बंद होऊ लागते.

१९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल असेच वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत नियम बदलले. हंगामापूर्वी मल्लाच्या मूत्राचे विशिष्ट गुरुत्व मोजू लागले. शुद्ध पाण्याचे ते १.००० असते, मल्लाचे १.०२० हून जास्त आले, तर अंगात पाणी कमी आहे असे समजून त्या दिवशी वजन ठरवीत नाहीत. पाणी पुरेसे असेल, तरच चरबीचे प्रमाण मोजून त्याने कोणत्या वजनाखाली जायचे नाही, हे नक्की करतात.

पॅरिसला मात्र काट्यावरचा आकडा तेवढा पाहिला गेला. अंतिम कुस्तीच्या त्या दिवशी विनेशवर शरीरातील पाणी कमी झाल्याबद्दल उपचार चालू होते.