डिप्लोमानंतरचे एक वर्ष : कारखान्यात शिकाऊ म्हणून

आपल्या समाजातील मुले आता इंजिनियरिंगच्या डिप्लोमाकडे वळली आहेत, ही आनंदाची बाब आहे. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामच्या साबू सिद्दीकसारख्या संस्थेने हे दार कित्येक वर्षांपूर्वी उघडले, आणि आज मालेगाव-भिवंडीतही प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार डिप्लोमाधारक सापडतात. मात्र निकाल लागला की घरात एकच प्रश्न निघतो : नोकरी कोठे? नोकरी नसेल तर मुलाला घरच्या मागावर, नाही तर दुकानात बसवतात. मधले एक वर्ष, ज्याला शिकाऊ उमेदवारी म्हणतात, त्याचा विचार फार थोडे पालक करतात. वर्ष फुकट जाते, अशी समजूत आहे.

माझ्या भाच्याची हकिकत सांगतो. मालेगावात त्याच्या अब्बांचे बारा माग आहेत. मुलाने टेक्स्टाईलचा डिप्लोमा २०२१ साली पूर्ण केला. अब्बांचा हिशोब सरळ होता : मुलगा घरी आला की एक पगारी माणूस कमी. मुलाने मात्र इचलकरंजी भागातील एका विणकाम कारखान्यात वर्षभराची उमेदवारी घेतली. घरात महिनाभर अबोला होता. कोरे कापड विकण्याच्या धंद्यात माझे आयुष्य गेले, तेव्हा दोन्ही बाजूंनी मलाच मध्यस्थ केले गेले.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण त्याची माहिती आपल्याकडे कमी आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने डिप्लोमा आणि पदवी घेतलेले इंजिनियर त्यात आले. उमेदवार आणि मालक यांच्यात लेखी करार होतो व त्याची नोंदणी होते. आपल्या भागाचे काम मुंबईच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे आहे. २०१९ च्या नियमांत डिप्लोमाधारकाला दरमहा किमान ८,००० रुपये आणि पदवीधराला ९,००० रुपये विद्यावेतन ठरले. या किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. अर्ज करताना त्या दिवशीचा दर पाहून घ्यावा. उमेदवार हा कायद्याने कामगार नव्हे, शिकणारा आहे. तरी काम करताना दुखापत झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर येते. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मात्र मालकावर नाही. हे शेवटचे वाक्य पालकांनी आधीच वाचावे, म्हणजे नंतर तक्रार राहत नाही.

आठ हजारांत परगावी राहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. तिघांनी मिळून एक खोली, खाणावळीचा डबा, आणि महिनाअखेर घरून मागवायचे नाही ही जिद्द. जुम्म्याच्या वेळी शेजारच्या मशीनवरचा सांगलीकडचा मुलगा याचे काम पाहत असे, आणि त्याच्या गावच्या जत्रेला हा त्याची पाळी करत असे. ही सोय त्या दोघांनी आपसात लावली होती.

पहिले दोन महिने भाच्याने काय केले? मशीनखालचा कापूस झाडला, वेस्ट गोळा केले, फिटरमागे पान्याची पेटी घेऊन फिरला. ही बातमी मालेगावात पोहोचली तेव्हा अब्बा भडकले. डिप्लोमा केलेला मुलगा झाडू मारतो! मला त्यात वावगे वाटले नाही. कापसाची धूळ कोठे साचते, कोठून धाग्यात जाते आणि कापडात गाठ म्हणून कोठे दिसते, हे झाडणाऱ्यालाच कळते. असल्या गाठीपायी व्यापारी तागे परत पाठवतो. मी स्वतः कितीदा पाठवले आहेत.

खरी अडचण पुढे आली. कामगार कमी पडले म्हणून त्याला एकाच मशीनवर उभे केले, आणि तीन महिने झाले तरी हलवेनात. काही कारखान्यांत शिकाऊ मुलगा म्हणजे स्वस्तातला कामगार, अशीच दृष्टी असते. त्याबद्दल उघडपणे बोलले पाहिजे. भाच्याने भांडण केले नाही. कोणत्या खात्यात किती आठवडे शिकवायचे, याचा कार्यक्रम उमेदवारीच्या कागदांत होता. तो कार्यक्रम आणि आपली रोजची नोंदवही घेऊन तो मॅनेजरांपुढे गेला. पंधरा दिवसांनी त्याला देखभाल खात्यात घेतले, पुढे प्रयोगशाळेत आणि शेवटी पाळीच्या सुपरवायझरबरोबर. नोंदवही कोरी असती तर दाखवायला काय होते?

तेथे एअरजेट माग होते. आपल्या साध्या मागावर धोटा धावतो. एअरजेटमध्ये दाबाची हवा आडवा धागा पलीकडे फेकते. साधा माग मिनिटाला १६० पीक टाकत असेल, तर तो ६०० च्या घरात टाकतो. म्हणजे मिनिटभर बंद पडला की ६०० पीक गेले. म्हणून तेथे मशीन थांबले की वेळ आणि कारण लिहिले जाते : उभा धागा तुटला, आडवा तुटला, बीम संपले, फिटरची वाट पाहिली. रात्रपाळीत हवेच्या नळ्यांवरून हात फिरवत गळती शोधायचे कामही त्याने केले. हवा दाबायला वीज लागते, त्यामुळे गळणारी हवा म्हणजे गळणारे विजेचे बिलच.

परत आल्यावर मी त्याला विचारले, वर्षभरात काय शिकलास? म्हणाला, "मामू, माग बंद का पडला ते लिहायला शिकलो." मला वाटले थट्टा करतो आहे. मग त्याने कागदावर हिशोब मांडला, तो येथे देतो, कारण प्रत्येक मागवाल्याने तो आपल्या आकड्यांनी करून पाहावा.

माग मिनिटाला १६० पीक, कापड इंचाला ५२ पिकांचे. तासाला ९,६०० पीक, म्हणजे सुमारे १८५ इंच, अदमासे ४.७ मीटर. बारा तासांच्या पाळीत न थांबता चालला तर ५६ मीटर. माग ८० टक्के वेळ चालला तर ४५ मीटर, ६५ टक्के चालला तर साडेछत्तीस. फरक साडेआठ मीटरच्या आसपास. बारा मागांवर एका पाळीत तो १०० मीटर होतो! भाडे तेच, दिवे तेच, जॉबरचा पगार तोच.

अब्बा म्हणाले, धागा खराब आहे म्हणून माग थांबतात, त्यात लिहायचे काय? मुलाने पंधरा दिवस वही ठेवली. धागा तुटून वेळ जातच होता, पण त्याहून अधिक वेळ बीम येण्याची आणि जॉबर मोकळा होण्याची वाट पाहण्यात जात होता. दोन बीम एकाच दिवशी संपू नयेत एवढे बघितले तरी बराच वेळ वाचतो, आणि त्यासाठी दमडी लागत नाही. दुसरी गोष्ट ओलाव्याची. सुती धागा दमट हवेत बळकट राहतो, कोरड्या हवेत तुटतो. मालेगावच्या एप्रिल-मेच्या हवेत हे सर्वांना जाणवते, म्हणून जमिनीवर पाणी शिंपडण्याची जुनी रीत आहे. तेथे ओलावा मोजतात; विणकामाच्या शेडमध्ये तो ७५ टक्क्यांच्या वर राखण्याचा प्रयत्न असतो. भाच्याने एक साधे मापक आणून भिंतीला लावले. कारागीर पहिले काही दिवस हसले. आता पाणी केव्हा मारायचे ते मापक पाहून ठरवतात.

त्या कारखान्याने त्याला नोकरी दिली नाही. त्याच तुकडीतील एकाला दिली, यालाही मिळाली असती तर कदाचित तो परत आला नसता. अब्बांना ती धास्ती होतीच. प्रमाणपत्र मात्र हातात आहे.

आता आपल्या छोट्या कारखानदारांसाठी एक गोष्ट. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले, आणि चार ते एकोणतीस माणसे असणाऱ्यांना ते ऐच्छिक आहे. म्हणजे दहा-पंधरा मागांचा मालकही, माणसे तेवढी असतील आणि नोंदी नीट असतील तर, आपल्याच गावच्या मुलाला शिकाऊ म्हणून घेऊ शकतो. अडचण नोंदींचीच आहे. आपल्याकडे कामगारांची हजेरी बहुधा मुकादमाच्या डोक्यात असते. भाच्याच्या अब्बांनी गेल्या महिन्यात मला विचारले, हजेरीपत्रक कोणत्या नमुन्यात ठेवायचे? मी त्यांना मुलाकडेच पाठवले.