तळ जड असावा
कावेरीकाठच्या घरातील पहिला खेळ-संगणक

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वर्षाचा हिशेब पाण्याने सुरू होतो आणि धान्याने मिटतो. १२ जूनला मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडावेत असा जुना परिपाठ आहे. त्या पाण्यावर आधी कुरुवैचे आणि मग सांब्याचे भात उभे राहते. पोंगलच्या सुमारास सांब्याची कापणी होते, धान्य विकले जाते आणि घरोघरी वर्षाचे बेत ठरू लागतात. कुणाला छपराची दुरुस्ती करावयाची असते, कुणाला जुने कर्ज फेडावयाचे असते. अलीकडे या यादीत एक नवी मागणी येऊन बसली आहे. घरातला मुलगा म्हणतो, “अप्पा, मला खेळ चालतील असा संगणक जोडायचा आहे.”

तंजावूरहून ओरत्तनाडूकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अशाच एका घराची कल्पना करू. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावूरला राज्य स्थापिले. त्या काळापासून या मुलखात नांदणारी मराठी कुटुंबे घरात अजून मराठी बोलतात. आपले हे घर त्यांपैकीच एक. तामिळनाडू सरकारने २०११ साली सुरू केलेल्या योजनेतून थोरल्या मुलीला शाळेत असताना लॅपटॉप मिळाला होता. त्यावर अभ्यास उत्तम झाला. पण आजच्या खेळांतील धावती चित्रे त्याला पेलत नाहीत. धाकट्याला हवा आहे तो सुटे भाग निवडून स्वतः जोडलेला संगणक. अप्पांचा प्रश्न साधा आहे: “एका पिकाचा पैसा खेळावर घालवावा काय? आणि घालवलाच, तर तो वाया जाणार नाही कशावरून?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या त्याच्या घराने द्यावे. मात्र याच त्रिभुज प्रदेशात, नीडामंगलमजवळच्या पूवनूर गावी, बुद्धिबळात राजकन्येला जिंकणाऱ्या शिवाचे मंदिर आहे. तेव्हा खेळाला या भूमीने कधी हलके मानलेले नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख आहे.

आधी खेळ, मग यंत्र

दुकानात जाण्यापूर्वी कागद घ्यावा आणि कोणते खेळ खेळावयाचे आहेत, ते लिहावे. मित्रांच्या संघाबरोबर खेळावयाचे स्पर्धेचे खेळ पुष्कळदा हलके असतात. विशाल प्रदेश दाखविणारे कथाखेळ जड असतात. त्यानंतर पडदा ठरवावा. पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, तर ‘फोर-के’ पडद्यावर त्याच्या चौपट. प्रत्येक ठिपका सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावयाचा म्हणजे यंत्राला किती श्रम पडत असतील, हे ध्यानी येईल. पहिल्या संगणकाला १०८० चा पडदा पुरेसा आहे. येथे हाव आवरली की पुढचा सगळाच खर्च आवरतो.

शंभर रुपयांची वाटणी

पडदा, कीबोर्ड आणि माऊस यांचा खर्च निराळा धरून, उरलेल्या रकमेची शंभर रुपये समजून वाटणी करू. त्यांतील सुमारे पस्तीस ते चाळीस रुपये ग्राफिक्स कार्डाला द्यावेत, कारण खेळातील चित्र तेच रंगविते. प्रोसेसरला अठरा ते वीस, मदरबोर्डाला बारा ते चौदा, रॅम व एसएसडी यांना मिळून अठरा ते वीस, आणि एसएमपीएस व कॅबिनेट यांना मिळून बारा ते चौदा रुपये, ही साधारण रीत झाली. बाजारभावाप्रमाणे ती थोडी इकडेतिकडे होईल. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकाएकी चढले, तेव्हा पुष्कळांना आपली यादी पुन्हा लिहावी लागली. म्हणून यादी एक महिना आधी करावी, पण भाव खरेदीच्या दिवशीच पाहावेत.

भाग एकमेकांशी जुळतात की नाही, हे मात्र काटेकोरपणे पाहिले पाहिजे. २०१६ साली आलेल्या ‘एएम-फोर’ बैठकीच्या मदरबोर्डावर ‘डीडीआर-फोर’ रॅम बसते. २०२२ साली आलेल्या ‘एएम-फाइव्ह’ वर केवळ ‘डीडीआर-फाइव्ह’. दोन्हींच्या खाचा निराळ्या असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. रॅम सोळा जीबीची घ्यावी आणि शक्यतो आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन पट्ट्यांमुळे माहितीची ये-जा दोन वाटांनी होते. एसएसडी परवडत असेल तर एक टीबीची असावी, कारण काही मोठे खेळ एकटेच शंभर जीबीहून अधिक जागा व्यापतात.

एक पीक की दोन?

पैसा कमी पडत असेल तर सर्वच भाग हलके घेण्यापेक्षा संगणक दोन हंगामांत पुरा करणे शहाणपणाचे होय. काही प्रोसेसरांच्या पोटातच चित्र रंगविण्याची बरी सोय असते. ‘रायझन फाइव्ह ५६००जी’ किंवा ‘८६००जी’ ही त्यांची उदाहरणे. यंदा असा प्रोसेसर घेऊन हलके खेळ खेळावेत, आणि पुढच्या सांब्याला ग्राफिक्स कार्ड घ्यावे. या बेतात रॅमच्या दोन पट्ट्यांना अधिकच महत्त्व येते. कारण असा प्रोसेसर चित्रासाठीही तीच रॅम वापरतो. उलट, इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत चित्राची सोय मुळीच नसते. तो स्वस्त मिळाला म्हणून घेतला आणि कार्ड पुढच्या वर्षावर टाकले, तर वर्षभर काळा पडदा पाहावा लागेल!

बाहुलीचा धडा

तंजावूरची डोलणारी बाहुली कुणी पाहिली नाही? तिला कितीही लोटले तरी ती पुन्हा उभी राहते. लोकांचे डोळे तिच्या रंगीत मुखावर असतात, पण तिला उभी ठेवतो तो तळातील गोल, जड भाग. संगणकाचा तळ म्हणजे एसएमपीएस, अर्थिंग आणि यूपीएस. रंगीबेरंगी दिवे लावलेली कॅबिनेट घेण्यासाठी नेमका याच भागांवरचा पैसा कापला जातो, आणि घात होतो.

शेतीच्या मुलखात वीज सदा एकसारखी नसते. पंपाच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की विजेचा दाब पडतो, बंद झाल्या की चढतो. पावसाळी वादळांची भीती निराळीच. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गाजा’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा नारळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा ठिकाणी निकृष्ट एसएमपीएस जळाला, तर तो एकटा जळेल याची शाश्वती नाही. सोबत मदरबोर्ड आणि कार्डही नेऊ शकतो.

हिशेब अवघड नाही. प्रोसेसर ६५ वॅट, साधे ग्राफिक्स कार्ड सुमारे १३० वॅट आणि बाकीचे भाग ५०-६० वॅट धरले, तर बेरीज २५० च्या आसपास जाते. त्याला ४५० ते ५५० वॅटचा, ‘एटी प्लस’ प्रमाणपत्राचा आणि काही वर्षांच्या हमीचा एसएमपीएस घ्यावा. निम्म्या भारावर चालणारा एसएमपीएस कमी तापतो आणि अधिक काळ टिकतो. यूपीएस १००० व्हीएचा, म्हणजे साधारण ६०० वॅटचा असावा. तो खेळ चालू ठेवण्यासाठी नाही. वीज जाताच काम जतन करून संगणक नीट बंद करण्याइतकी काही मिनिटे मिळावीत, एवढ्यासाठीच. आणि या सर्वांआधी गावच्या वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. त्याला लागणारा खर्च सर्वांत थोडा आणि त्याचे मोल सर्वांत मोठे.

कॅबिनेट निवडताना समोर जाळी आणि किमान दोन पंखे असावेत. येथला उन्हाळा कडक, त्यात कापणीच्या दिवसांत भुसा उडतो. यंत्र जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे आणि दर दोन महिन्यांनी पंख्यांवरील धूळ मऊ ब्रशने काढावी.

खरेदी आणि जोडणी

मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड, तशी चेन्नईकरांना रिची स्ट्रीट. तंजावूरहून चेन्नईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीचे नावच ‘उळवन’, म्हणजे शेतकरी, आहे. त्या गाडीने मुलाबरोबर अप्पांनीही जावे. प्रत्येक भागाचे पक्के बिल घ्यावे, हमीचा काळ लिहून घ्यावा आणि खोकी जपून ठेवावीत. जुने ग्राफिक्स कार्ड स्वस्तात मिळत असेल, तर ते डोळ्यांदेखत अर्धा तास चालवून पाहिल्याविना घेऊ नये.

घरी जोडणी करताना आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. प्रोसेसर बळाने दाबू नये; तो आपल्या जागी अलगद बसतो. कूलरच्या तळाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढावयास विसरू नये. पडद्याची वायर मदरबोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावावी; पहिल्या दिवशीची पुष्कळ निराशा एवढ्यानेच टळते.

घराने एक नियमही त्याच दिवशी करावा: खेळ खेळासाठीच, पैशांसाठी नव्हे. २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, आणि ई-क्रीडेला मान्यता दिली आहे. पिकाचा पैसा यंत्रात गेला तर यंत्र घरात राहते. पैजेत गेला तर काहीच राहत नाही.

अप्पांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या सर्व खटाटोपात आहे. ज्या मुलाने वॅटची बेरीज स्वतः केली, दहा दुकानांत भाव विचारले आणि प्रत्येक स्क्रू आपल्या हाताने बसविला, त्याच्या घरी उद्या पंखा बंद पडला तर तो यंत्र उघडावयास भिणार नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या घरात संगणक यावयाचा झाला, तर यादी करावयास त्यालाच बोलावतील. मग त्यानेही आधी अर्थिंगबद्दल विचारावे आणि दिव्यांबद्दल शेवटी.