फणी

माघी पौर्णिमा. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराकडे जाणारा रस्ता पिवळाधमक झालाय. भंडारा गाड्यांच्या चाकांना लागलाय, बैलांच्या शिंगांना, लेकरांच्या भुवयांना. निम्म्या गाड्यांवर कन्नड अक्षरं. उरलेल्यांत एमएच 09 आणि एमएच 10 बरेच दिसतात. कोल्हापूर-सांगलीकडची माणसं नुसतं 'आई' म्हणाली, तरी इथे कुठली आई ते विचारावं लागत नाही.

जोगुळभावीच्या कुंडावर आधी आंघोळ. पाणी गढूळ झालंय, तरी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. ओल्या लुगड्यातल्या बायका थरथर कापतायत. नव्या परकरावर कडुलिंबाचे डहाळे बांधलेली एक पोरगी आपल्याच पायांकडे बघत चालते. डहाळे टोचत असावेत. ती सारखी थांबते, बाप हाताला धरून पुढे ओढतो.

वर डोंगरावर तीन दगडांच्या चुली पेटल्यात. वांग्याच्या भाजीचा वास, धूर, शेणाचा वास. परड्या भरायच्या आहेत. चौंडकं वाजतंय, त्याचा आवाज आधी पोटात येतो आणि मग कानात. डोक्यावर देवीचा जग घेतलेली जोगतीण गर्दीतून सरळ चालत येते. बायका वाकून तिच्या पाया पडतात. या डोंगरावर तिला मान आहे. गावी परतल्यावर किती उरतो, हे तिच्या चपलांवरून कळतं. एकीचा अंगठा तारेने शिवलेला आहे.

दर्शनाच्या रांगेत लोखंडी पाइप हाताला चटके देतात. वर पत्रा आहे, आत कापूर, घाम आणि हळद. पाऊण तासात आम्ही वीसेक पावलं सरकलोय.

माझ्यापुढे एक म्हातारी आहे. डोक्यावर चुंबळ ठेवावी तशी तिने जट गुंडाळलीय. रांग थांबली की ती खाली बसते, जट सोडून मांडीवर घेते आणि मान दोन्ही बाजूंना हळूहळू वळवते. जट मनगटाएवढी जाड आहे. केस, तेल, भंडारा आणि वर्षानुवर्षांची धूळ यांचा एकच काळपट दोर झालाय.

"आज्जी, मान दुखत नाही?"

"दुकती की. रातीला कूस बदलता येत न्हाई." ती जटेवरून हात फिरवते. "पर आईची हाय. कापली तर घरावर कोप हुतो."

"कधी आली?"

"धा-अकरा वर्साची हुते. आईनं फणी बंद केली. त्याच साली मणी बांधलं."

गळ्यातले लाल-पांढरे मणी ती पदराआड सारते.

फणी बंद केली. सगळं त्या तीन शब्दांतच आहे. केस धुतले नाहीत, विंचरले नाहीत, वर घाम आणि तेल बसलं की गुंता होतो. कुणाच्याही केसांचा होतो. गुंता सोडवायचा नाही असं ठरलं की त्याची जट होते आणि जट दिसली की देवीने बोलावलं. मग मणी बांधून पोर देवाला सोडायची. तिचं लग्न नाही. तिच्या अंगावर गावातल्या पैसेवाल्याचा हक्क, आणि तिच्या लेकरांना बापाचं नाव नाही. घरात मुलगा नसला तर म्हाताऱ्यांना सांभाळणारीही तीच.

मला राग येतो, तो देवीचा नाही. हे बोलावणं बहुतेक वेळा गावकुसाबाहेरच्या वस्तीतच जातं, दलित घरांत, आणि वाड्याच्या दारावरून पुढे निघून जातं. इतकी वर्षं हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

रांग सरकते. खांबावर मळकट फलक आहे, देवदासी सोडणं गुन्हा असल्याचा. त्याला टेकून माणसं उभी आहेत. मुंबई इलाख्याने याविरुद्ध पहिला कायदा केला तो 1934 साली, तेव्हा हा डोंगरही त्याच इलाख्यात होता. पुढे कर्नाटकाचा 1982 चा कायदा आला, महाराष्ट्राचा 2005 चा. कर्नाटक सरकारने 1993-94 आणि 2007-08 मध्ये मोजणी केली तेव्हा दोन्ही मिळून 46,660 बायकांची नोंद झाली. आता मणी उघड्यावर बांधत नाहीत. घरात, रात्री, चार माणसांत उरकतात.

म्हातारीबरोबर तिची मुलगी आहे, आणि सहा-सात वर्षांची नात. मुलीच्या गळ्यात मणी नाहीत, मंगळसूत्र आहे. नातीच्या डाव्या कानामागे अंगठ्याएवढा गुंता झालाय. म्हातारी तो मला दाखवते. आवाज एकदम खाली येतो.

"आईनं हिलाबी धरलंय."

"कुटं धरलंय?" मुलगी मागे वळूनही बघत नाही. "चार दिस टॅक्टरात झोपलीया. धुळीनं चिकाटल्यात केस."

"हात लावू नगंस, सांगून ठिवते."

मग दोघी गप्प. दर्शन होतं, क्षणभराचं. मुखवटा, कुंकू, मागून ढकलणारे हात. पोर आजीच्या कडेवरून वाकून बघते आणि हात जोडते.

बाहेर उन्हाचा तडाखा. बाजाराची ओळ उतारावर पसरलीय. भंडाऱ्याचे ढीग, हिरव्या बांगड्या, कवड्यांच्या माळा, चिरमुरे, प्लास्टिकच्या गाड्या. मुलगी एका दुकानापुढे थांबते. वीस रुपये देते, खोबरेल तेलाची लहान बाटली आणि लाल फणी घेते. भाव करत नाही.

लिंबाच्या सावलीत ती पोरीला मांडीत घेते. गुंत्यावर तेल जिरवते. आधी बोटांनी, मग फणीच्या टोकाने, केसांच्या शेवटाकडून वर. पोर ओरडते. दोन केस सुटतात, चार तुटतात. शेजारच्या चुलीवरच्या बायका स्वयंपाक सोडून बघत राहतात. एक कपाळाला हात लावून पुटपुटते. मुलीचे हात थरथरतात, पण थांबत नाहीत.

म्हातारी जट पुन्हा डोक्यावर गुंडाळते. पाठ फिरवून देवळाच्या कळसाकडे तोंड करून बसते. निम्मा गुंता अजून तसाच आहे.