मॅदर पॉइंट : ग्रँड कॅन्यनचं पहिलं दर्शन

ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर, व्हिजिटर सेंटरपासून चालत पाच-दहा मिनिटांवर हा पॉइंट आहे. उंची सुमारे २,१७० मीटर. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे पहिले संचालक स्टीफन मॅदर यांचं नाव त्याला दिलं आहे.

पायाखालचा कैबाब चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा. दरीच्या तळाशी, कोलोरॅडो नदीलगतचा काळपट खडक मात्र तब्बल १७५ कोटी वर्षांचा, आणि त्याचं नाव ‘विष्णू शिस्ट’! समोरच्या शिखरांत ‘ब्रह्मा टेंपल’ही दिसतं. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी १८८०च्या दशकात इथल्या शिखरांना पौर्वात्य देवतांची नावं देण्याचा पायंडा पाडला. मराठी माणसाने ‘ब्रह्मा टेंपल’ आवर्जून शोधावं.

भर दुपारी खडकांचे रंग फिके पडतात, म्हणून सूर्योदय गाठावाच. पहाटे उन्हाळ्यातही गारठा असतो. हिवाळ्यात बर्फामुळे वाट निसरडी होते. कठडा सगळीकडे नाही. फोटोसाठी उघड्या कड्यावर अजिबात जाऊ नये, मुलांचा हात सोडू नये. गर्दीच्या दिवसांत पार्किंग लवकर भरतं. उद्यानाच्या शटल बस मोफत आहेत.