सेटलमेंट झाली, पण कोणाची?

मागच्या भागानंतर चाकणहून एका श्रोत्याने विचारलंय, "कंपनीत सेटलमेंट झाली. मी त्या युनियनचा सभासद नाही. मला ती लागू होते का?" उत्तर एका गोष्टीवर ठरतं: सह्या कोणासमोर झाल्या.

आधी शब्द बघू. नोकरी सुटल्यावर "माझी सेटलमेंट बाकी आहे" म्हणतो, तेव्हा ते फुल अँड फायनल असतं, म्हणजे एकट्याचा हिशेब. आज बोलतोय त्या सेटलमेंटला गेटवर 'करार' म्हणतात. पगारवाढ किती, किती टप्प्यांत, आणि बदल्यात प्रॉडक्शन किती.

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात याचे दोन प्रकार होते. मालक आणि युनियनने आपसांत केलेला करार कलम १८(१)चा. तो फक्त करार करणाऱ्या पक्षांना बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर, समेटाच्या कामकाजात झालेला तो १२(३)चा. तो मात्र सगळ्यांना बांधतो: सभासद असो वा नसो, उद्या भरती होणारा पोरगासुद्धा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण हा फरक राहिला.

कोणाशी सही करायची, हेही मालकाच्या हातातलं हत्यार असतं. पिंपरीने ते १९८९ साली पाहिलं. टेल्कोत लढा राजन नायर यांच्या संघटनेचा, उपोषण शनिवारवाड्यावर, आणि व्यवस्थापनाने वेतनकरार केला तो दुसऱ्याच युनियनशी! नव्या संहितेत ५१ टक्के कामगार ज्या युनियनकडे, तीच वाटाघाटी करणार. म्हणजे सभासदांची मोजणी आता आणखी चुरशीची होणार, असं मला वाटतं.

कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या मस्टरवर. त्यामुळे कराराचे पेढे त्याच लाइनवर वाटले जातात, पण वाढ सहसा त्याच्या वाट्याला येत नाही.

तर दादा, करारावर समेट अधिकाऱ्याची सही-शिक्का आहे का ते बघा. असेल, तर तो तुम्हाला लागू, पटो वा न पटो. नसेल, तर वाढ देताना "करार मान्य आहे" असा कागद तुमच्यापुढे येऊ शकतो. सहीआधी पूर्ण करार वाचायला मागा, प्रॉडक्शनच्या आकड्यासकट. आणि मुदत संपली की करार आपोआप संपत नाही. तो संपवायची लेखी नोटीस देऊन तिची मुदत उलटेपर्यंत तोच चालू राहतो.