व्यायाम कमी म्हणून एमएस, की एमएस म्हणून व्यायाम कमी?

समजा, घोडबंदर किल्ल्यावर रोज चालायला येणाऱ्यांची तुम्ही नोंद ठेवलीत. काही वर्षांनी दिसलं की मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, न चालणाऱ्यांमध्ये जास्त निघाला. मग चालण्याने आजार टळतो, असं म्हणायचं का? थांबा.

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंचं मायलिन आवरण खराब करते. थकवा मात्र निदानाच्या कित्येक वर्षं आधीपासून जाणवू शकतो. दमणारा माणूस चालणं आपोआप कमी करतो. म्हणजे आपण ज्याला कारण समजलो, तो परिणाम असू शकतो!

अमेरिकेतल्या नर्सेसच्या दोन मोठ्या अभ्यासगटांवर २०१६ मध्ये 'न्यूरॉलॉजी'त पेपर आला. सर्वांत जास्त व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये एमएसचं प्रमाण सर्वांत कमी करणाऱ्यांपेक्षा २७ टक्क्यांनी कमी दिसलं. पण व्यायामाची नोंद आणि आजार यांत सहा वर्षांचं अंतर ठेवून पुन्हा हिशोब केला, तेव्हा तो कल उरला नाही.

म्हणून प्रपोजल लिहिताना स्वतःला विचारा: माझं 'कारण' मी आजाराच्या किती आधी मोजतोय? हा प्रश्न सुटला, तर 'व्यायाम केला नाहीस म्हणून झालं' हा ठपका आपण विनाकारण रुग्णावर ठेवतो.